पुढच्या स्टेशनावर

प्रिय झ्लात्काताई,

पॅरिसला आम्ही सुखरूप आहोत. आईला एवढंच वाचून दाखव. तिचा खोकला कसा आहे?

काल भुयारी रेल्वेत बाबा चढले आणि माझ्या तोंडावर दार मिटलं. त्यांना कमी ऐकू येतं, इथली भाषाही येत नाही. मी दारावर थापा मारल्या. तेवढ्यात आतल्या एका आफ्रिकी बाईनं त्यांचा हात धरला आणि मला पुढच्या स्टेशनाची खूण केली.

मागून आलेल्या गाडीनं मी रडतच तिथं पोचले. दोघं बाकावर बसली होती.

"कुठं हरवली होतीस गं?" बाबा माझ्यावरच खेकसले.

पण तिचा हात त्यांच्यानं सोडवेना. त्यांचं एकेक बोट मलाच उलगडावं लागलं.



तुझी,
रोसित्सा