आधी बोलेल तो हरला

ती. दाजी यांना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खुर्चीत बसून लिहिताना जेवढं वाकता येतं तेवढं.)

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच सल्ला देता. पत्रात ती सोय नाही, म्हणून पत्र. तुमची अ‍ॅसिडिटी कशी आहे? ताईने घरातलं तिखट बंद केल्याचं आईकडून कळलं, आणि तुम्ही ते ऑफिसच्या कँटीनमध्ये चालू ठेवल्याचंही आईकडूनच कळलं. (तिला कुठून कळलं ते मला विचारू नका, मी तिला विचारायला धजलेलो नाही.) ताईचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत. बाबांची तब्येत बाबांच्या मते ठणठणीत, डॉक्टरांच्या मते समाधानकारक, आणि आईच्या मते या घरात तिचं कुणी ऐकत नाही.

मुद्दा गाडीचा. तुम्हाला निम्मं माहीत आहे, पण तुम्हाला जे निम्मं माहीत असतं त्यावरच तुम्ही सल्ला देता, म्हणून पहिल्यापासून लिहितो. खुब्याचं हाड जुळल्यावर बाबा घरात काठी घेऊन चांगले फिरू लागले. अडलं ते बाहेर पडण्यापाशी. पहिल्यांदा तपासणीला न्यायचं होतं तेव्हा शेजारच्या कंत्राटदाराने त्याची नवी गाडी दिली. गाडी दिसायला देखणी, पण सीट इतकी खाली की धडधाकट माणूससुद्धा त्यात बसत नाही, पडतो. मी बाबांचे खांदे धरले, कंत्राटदाराने पाय धरले, त्याच्या ड्रायव्हरने मागून रेटलं, आणि वरच्या गॅलरीतून दोन बायकांनी थोडं तिरकं घ्या, आधी डोकं घ्या, अशा सूचना दिल्या. कपाट जिन्यातून नेताना देतात तशा.  घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, की आता मला कुठे जायचं नाही. आणि खरंच, त्यानंतर ते फाटकापलीकडे गेले नाहीत. खिडकीशी खुर्ची आणि वर्तमानपत्र. जन्मभर बस चालवलेला माणूस, दाजी. सगळ्या गावाला इकडून तिकडे पोचवलं त्याने. कुरकुर केली असती तर बरं झालं असतं. कुरकुर नाही, म्हणून मला झोप येत नव्हती.

तेव्हा मला अशी गाडी हवी होती, की जिची सीट उंच आणि दार रुंद. बाकी ती चालली तर आनंदच. शोरूममधल्या तशा गाड्यांच्या किमती ऐकून मी शोरूमवाल्याचा चहा न पिता निघालो. (उगाच मिंधेपण नको.) आणि अशा वेळी तुमचा फोन आला, की तुमच्या जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले साहेब आमच्याच गावात राहतात, त्यांना जुनी उंच गाडी विकायची आहे. तुमचे उपकार मी मानतो, आणि या पत्रात ते एवढ्या एकाच वाक्यात मानणार आहे.

कारण त्यानंतर तुम्ही मला भाव कसा करायचा ते शिकवलंत. मी चष्म्याच्या दुकानात काम करणारा माणूस. आमच्याकडे ‘भाव एकच’ अशी पाटी आहे आणि तिच्या आड मी पंधरा वर्षं सुखाने जगलो. तुमचा पाठ मी मन लावून ऐकला. एक म्हणजे गाडी आवडली तरी चेहरा पडलेला ठेवायचा, कुणी गेल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेल्यासारखा. आणि दुसरं, आपला आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. आधी बोलेल तो हरला. हे तुम्ही तीनदा म्हणालात. मी रात्री आरशापुढे चेहऱ्याचा सराव केला, तर हिने येऊन कपाळाला हात लावून ताप बघितला.

रविवारी सकाळी मोजणीसाहेब गाडी घेऊन आमच्या फाटकाशी आले. गाडी फिक्या चहाच्या रंगाची, चौकोनी, उंच. मी ठरल्याप्रमाणे चेहरा पाडून बाहेर गेलो, तर साहेबांचा चेहरा माझ्याहून पडलेला. आम्ही एकमेकांना हात जोडले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मी टायरकडे बघून मान हलवली, त्यांनीही हलवली. मी रंगाच्या पोपड्यावर बोट ठेवलं, त्यांनी सुस्कारा टाकला. आमची दोघांची ही कळा बघून समोरचा लाँड्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून रस्ता ओलांडून आला आणि कोण गेलं म्हणून हळूच विचारून गेला.

एवढ्यात बाबा काठी टेकत फाटकापर्यंत आले. मी पुढे झालो तर काठीनेच मला बाजूला सारलं. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, काठी आत ठेवली, वरच्या कडेला हात धरला, पाठ वळवली आणि बसले. मग एक पाय उचलून आत घेतला. मग दुसरा, जरा वेळाने, हाताने. मग दार ओढून लावलं. धाडकन. कुणी धरलं नाही, कुणी रेटलं नाही. दाजी, खरं सांगतो, माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि तुम्ही शिकवलेला चेहरा गेला तो गेलाच. मी साहेबांना म्हटलं की डोळ्यांत धूळ गेली. ते म्हणाले, हो, इकडे धूळ फार. मग मी बाबांना खाली उतरायला सांगितलं, तर त्यांनी बेल्ट लावला.

बाबा गाडीत, अशा अवस्थेत आम्ही दोघे घरात भाव करायला बसलो. साहेबांनी आकडा सांगितला. (आकडे मी इथे लिहीत नाही. हे पत्र ताई आधी वाचणार हे तुम्हालाही माहीत आहे.) मी माझा आकडा सांगितला आणि तोंड मिटलं. साहेबांनीही मिटलं. पहिल्यांदा मला वाटलं, विचार करताहेत. मग वाटलं, रागावले. मग लक्षात आलं, की हा माणूस माझ्यासारखाच वाट बघत बसलाय. आई चहा घेऊन आली. तिने साहेबांना घरी कोण कोण असतं असं विचारलं, तर त्यांनी दोन बोटं दाखवली. साखर किती म्हणून विचारलं, तर पुन्हा दोन बोटं. माझ्याकडे बघितलं तर मी भुवया उडवल्या. आई आत गेली आणि तिने ताईला फोन लावला, की या दोघांना काहीतरी झालंय. तो फोन तुमच्याच घरी आला होता, तेव्हा पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. चहावर साय धरली. मध्येच साहेब खाकरले तेव्हा मला जिंकल्यासारखं झालं, पण खाकरणं बोलण्यात धरत नसावेत.

त्यांचा चष्मा मात्र सारखा नाकावरून घसरत होता. हे मला बघवेना. (माणूस हरला तरी चालेल, पण फ्रेम सैल राहिलेली मला चालत नाही.) मी खुणेने चष्मा मागितला, त्यांनी काढून दिला, मी खिशातल्या छोट्या पेचकसाने स्क्रू आवळायला घेतला, सगळं मुकाट्याने. आणि नेमका त्याच वेळी साहेबांचा फोन वाजला. डोळ्यांवर चष्मा नाही, त्यामुळे त्यांनी चाचपडत कुठलं तरी बटण दाबलं आणि फोन मोठ्याने बोलू लागला. फोन म्हणाला, “काय साहेब, बोलला का तो? तुम्ही फक्त गप्प राहा. आमचा मेहुणा फार वेळ दम धरत नाही.”

आवाज ओळखीचा वाटला. अर्थात मी कुणाचं नाव घेत नाही. तुमच्यासारखा आवाज पुष्कळांचा असतो, आणि मेहुणेही पुष्कळांना असतात.

मी स्क्रू पुरा आवळला आणि चष्मा साहेबांना परत दिला. त्यांनी तो घातला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “तुम्हालाही त्यांनीच सांगितलं होतं?” मी हो म्हटलं. चेहऱ्याचंही? चेहऱ्याचंही. मग मात्र आम्ही दोघे हसलो, इतके की आईने आतून ताईला दुसरा फोन केला. साहेबांनी सांगितलं, की डोळ्यांच्या ऑपरेशननंतर रात्री गाडी चालवणं होत नाही, म्हणून विकतोय, आणि खरं तर पहिला आकडा जरा चढाच सांगितला होता, तोही कुणाच्या तरी सांगण्यावरून. मी सांगितलं की माझा पहिला आकडा जरा पडता होता, तोही कुणाच्या तरी सांगण्यावरून. आता दोघांकडे सल्ला उरला नव्हता, त्यामुळे पुढे काय करायचं ते दोघांनाही कळेना. आणि बाहेर हॉर्न वाजला. बसचा ड्रायव्हर वाजवतो तसा, लांब.

बाबांनी काच खाली केली होती. त्यांनी निकाल दिला, की ब्रेक पेडल घट्ट आहे, स्टिअरिंगला खेळ नाही, क्लच वर्षभरात बदलावा लागेल, पण गाडी जपून वापरलेली आहे. मग विचारलं, भाव काय झाला. साहेबांनी खालमानेने आपला आकडा सांगितला आणि लगेच म्हणाले, पण आता तुमच्यासाठी कमी करतो. आणि कमी करू लागले. दाजी, ते माझ्या आकड्यापर्यंत आले, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच्याही खाली गेले. त्यांनी बाबांचे पाय आत घेतानाचे हाल बघितले होते आणि माझ्या डोळ्यांतली धूळही. बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग ते भाव वाढवू लागले. साहेब उतरवतात, बाबा चढवतात, आणि जो पैसे देणार तो मधे बॉनेटवर हात ठेवून उभा. लाँड्रीवाला परत आला होता. या वेळी त्याने काही विचारलं नाही.

शेवटी बाबा म्हणाले, “साहेब, माझ्याकडे बघून भाव लावू नका. गाडीकडे बघून लावा.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता.  साहेबांनी शर्ट नीट केला, चष्मा वर सरकवला (सरकवायची गरज नव्हती, मी आवळला होता) आणि ऑफिसात सांगतात तशा कोरड्या आवाजात आपला पहिला, चढा आकडा सांगितला, आणि वर म्हणाले की एक पैसाही कमी होणार नाही. बाबा म्हणाले, आता कसं. आणि खिडकीतून हात बाहेर काढून हस्तांदोलन केलं. इतक्या खुशीत मी त्यांना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. मला गाडी महाग पडली, दाजी, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. ताईला साष्टांग, तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार, आणि लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा राहू द्या.

तुमचा,
दम न धरणारा मेहुणा

ता. क. : मोजणीसाहेब परवा नव्या चष्म्यासाठी दुकानात आले. किंमत ऐकली आणि गप्प बसले. मी पाटीकडे बोट दाखवून गप्प बसलो. गिऱ्हाइकं खोळंबली तेव्हा मालकच आतून ओरडले, की द्या काय ते कमी करून. ते या डावात नव्हतेच, पण हरले.

ता. ता. क. : तुमच्यावर मी रागावलोय असं वरच्या मजकुरावरून वाटलं असेल. ते बरोबर आहे. पण बाबा म्हणतात, जावई दोन्हीकडून बोलला म्हणून तर गाडी आली. ते आता रोज शेजारच्या सीटवर बसून मला चालवायला शिकवतात. मला चालवता येत होती, असा माझा आजवर समज होता.

आणखी एक, आणि खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. येत्या रविवारी आम्ही तुमच्याकडे येतोय. बाबांनी स्वतःहून तुमच्याकडे यायचं नाव काढलं. फाटक आधीच उघडून ठेवा, स्कूटर आत घ्या. गाडी थांबली की कुणी पुढे यायचं नाही. ताईला आतच ठेवा, तिला खिडकीशीही उभी करू नका, ती रडते. तुम्हीही हात द्यायला येऊ नका आणि कसं उतरायचं तेही सांगू नका. पायऱ्यांना त्यांना वेळ लागेल, पुष्कळ लागेल. लागू द्या. बेल ते स्वतः वाजवणार आहेत. वाजली की दार उघडा, आणि कोण आलंय ते माहीत नसल्यासारखं उघडा.