फुलंब्रीचं फरसाण

आण्णा, मी आता तुमच्याच रस्त्यावर गाडी चालवतोय. तुमच्यासारखी एसटी नाही, मालकाची सात सीटची पांढरी गाडी, आणि मागं बसलेले लोक सुट्टीवर निघालेले असतात. मधल्या काळात मी पुष्कळ फिरलो. आयटीआय अर्धी सोडली, पुण्यात कुरिअर वाटलं, नाशकाला द्राक्षाच्या पेट्या भरल्या, गोव्यात एका हॉटेलात खुर्च्या उचलल्या. समुद्र बघून पहिल्या दिवशी लई बरं वाटलं, मग रोज त्याच खुर्च्या. ते असू द्या. सांगायचं हे, की फिरून फिरून टेकलो तर तुमच्या मुक्कामाच्या गावात, फुलंब्रीवरून आत, डोंगराच्या पायथ्याला. तिथं एका मालकानं शेतात पाहुण्यांना राहायची सोय केलीय. शनिवारी मी लोकांना तिथं नेऊन सोडतो, रविवारी परत आणतो.

तुम्ही असता तर म्हणाला असता, त्या गावात लोक सुट्टीला काहून येतात? मलाही आधी कळायचं नाही. आपल्या लहानपणी सुट्टी म्हणजे मामाचं गाव, नाहीतर सगळं जमवून आयुष्यात एकदा तिरुपती. आता लोकांना महिन्या-दोन महिन्याला दोन दिवस कुठंतरी जायचंच असतं, आणि लांब नको असतं. पुण्याचे येतात, नाशकाचे येतात, ते ठीक. पण आपल्या शहरातले, सिडकोतले, गारखेड्यातलेसुद्धा येतात. एका साहेबाला मी विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? म्हणाले, इथून जवळच, कन्नडच्या अलीकडं. "मग तिथं का नाय जात?" तर म्हणाले, "तिथं गेलं की चुलता वाटणीचं काढतो. इथं कोण काढतंय?" मागून त्यांची बायको म्हणाली, "आणि तिथं भाकऱ्या मला थापाव्या लागतात." मला वाटतं तिचंच खरं होतं. हे लोक येतात, चुलीचा फोटो काढतात, इथं बघायला काय आहे म्हणून विचारतात. मी डोंगर दाखवतो. ते डोंगराकडं बघतात, मग मोबाईलकडं. रविवारी जाताना म्हणतात, एकदम फ्रेश वाटलं. आणि मी सोमवारी सकाळी हर्सूलच्या खोलीत उताणा पडून असतो, अंगात जीव नसल्यासारखा. दुसऱ्यांच्या सुट्ट्या वाहून आणायचं काम आहे हे, आण्णा. बसून होतं, तरी माणूस थकतो.

आपली सुट्टी आठवते का? शाळा सुटली की मी तुमच्या मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी शहरातून सुटायची, अंधार पडायच्या सुमारास गावात पोचायची, तिथंच पारापाशी उभी राहायची आणि पहाटे दूधवाले आणि कॉलेजची पोरं घेऊन परत. मी इंजिनाच्या गरम झाकणावर बसलोय, कंडक्टर काका मला कोरी तिकिटं देतायत, आणि हर्सूलच्या जेलसमोर तुम्ही गाडी हळू करताय. माय रस्त्याच्या कडेला उभी. पदर दाताखाली धरलेला, हातात दोन कप्प्यांचा डबा. खिडकीतून डबा आत, कालचा डबा बाहेर. खालच्या कप्प्यात तुमची भाजी-भाकरी. वरचा कप्पा त्या गावातल्या मावशीसाठी, कारण पाराशेजारच्या घरातली ती मावशी तुम्हाला गरम कालवण द्यायची आणि मायचा डबा कधी रिकामा परत पाठवायची नाही. मग माय तरी कशी रिकामा पाठवेल? वर्षानुवर्षं दोघींचं असं चाललं होतं, आणि दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तुम्ही मायला दर सुट्टीत म्हणायचे, "यंदा तुला पण नेतो मुक्कामाला. एक रात्र चूल नाय, काय नाय, निवांत." ती म्हणायची, "मी गाडीत बसले तर डबा कोण देईल?" तुम्ही हसायचे, गाडी निघायची. मी दहावीत असताना तुमच्या छातीत कळ आली आणि ते न्यायचं राहिलंच.

मी त्या गावात कामाला लागलो तेव्हा मावशीच मालकाच्या पाहुण्यांना स्वयंपाक करत होती. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तू आपल्या डायवरचा ना रे? कान तर तेच हायेत." तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं, मायला एकदा आणायचं. तुम्ही कबूल केलेलं एवढं एकच तिचं बाकी होतं, आणि तिचे गुडघे आता पायरीलासुद्धा कुरकुरतात. पण माय ऐकते का? "मला काय बघायचंय तिथं? ज्वारी? जन्मभर बघितली." एकदा म्हणाली, पाणी येतं त्या दिवशी कोण भरणार. एकदा म्हणाली, शेजारणीचं पोर आजारी आहे. मी दमलो आणि चिडून बोललो, "लोक इतक्या लांबून येतात, तुला तासभर गाडीत बसवत नाय?" ती म्हणाली, "ज्यांनी न्यायचं होतं ते गेले." मग मी पुन्हा विषय काढला नाही. महिनाभरानं तिनंच विचारलं, तिथं पाणी गरम मिळतं का?

मंगळवारी नेलं. मालक म्हणाला, मंगळवारी कोण येतंय, झोपा खुशाल. मालकानं शेतात एक भंगारातली एसटी आणून ठेवलीय, आतून रंगवून पलंग टाकलाय, पाहुण्यांना तीच लागते. मला वाटलं, मायला तीच द्यावी, म्हणजे मुक्कामी गाडीतला मुक्काम होईल. ती पायरीवर चढली, आत बघितलं, म्हणाली, "सुटणारच नाय ती गाडी. मग बसायचं कशाला?" आणि उतरून सरळ मावशीच्या ओसरीवर जाऊन बसली.

दोघी आधी लई अवघडल्या. या ताई, बसा ताई. पाण्याचा तांब्या. गुडघे कसे, सुना कशा. मग मायनं हळूच विषय काढला. इतक्या वर्षांचा तो प्रश्न होता, मला तिच्या आवाजावरून कळलं. "माझी चटणी आवडायची म्हणे तुम्हाला. जवसाची."

मावशी म्हणाली, "कंची चटणी?"

"डब्यात यायची ती. वरच्या कप्प्यात."

"वरच्या कप्प्यात तर फरसाण यायचं, ताई. पापडी, शेव. मी सुनांना म्हणायचे, शहरातली बाई हाये, तिला कुठला टाइम, विकतचं पाठवती बिचारी. पण मन चांगलं."

आण्णा, मायचं तोंड तुम्ही बघायला पाहिजे होतं. जी बाई शेजारणीच्या घरचा विकतचा मसाला ओळखून नाक मुरडते, तिला इतकी वर्षं एका गावानं फरसाणवाली म्हणून लक्षात ठेवलं. "फरसाण?" ती म्हणाली. मग परत, "फरसाण!" आणि मला आठवलं. फुलंब्रीच्या स्टँडवर तुम्ही दोन मिनिटं उतरायचे, कागदाचा पुडा घेऊन यायचे. मग गावाच्या अलीकडच्या नाल्यापाशी गाडी बाजूला घ्यायची, इंजिनाला पाणी दाखवायच्या नावाखाली, आणि डबा उघडायचा. कंडक्टर काका, तुम्ही आणि मी. भाकरीच्या तुकड्यावर बोटभर चटणी. डॉक्टरनं तुमचं तिखट बंद केलं होतं आणि मायनं घरात चटणीचा कणसुद्धा तुमच्या ताटाजवळ येऊ दिला नव्हता. तुम्ही डोळे मिटून खायचे. मला वाटायचं, ती आपलीच चटणी.

"मी विचारायचे ना त्यांना," माय मावशीला सांगत होती, "बाईला आवडली का? तर म्हणायचे, लई आवडली, अजून मागितलीय. म्हणून मी जास्त कुटायचे! हात भरून यायचे माझे!"

मावशी तोंडाला पदर लावून बसली होती. मग तिला काहीतरी सुचलं. "ताई, माझा हुरडा पोचायचा का?"

"कसला हुरडा?"

बस्स. मग दोघींनी मिळून तुमचा असा काही उद्धार केला की ओसरीपुढची शेळी उठून गेली. माय म्हणाली, "चोर व्हता माणूस. एक नंबरचा." तुम्ही गेल्यापासून ती तुमच्याबद्दल फक्त चांगलंच बोलत आली होती, देवाबद्दल बोलावं तसं. भिंतीवरच्या फोटोशी कोण भांडतं? त्या दिवशी ती तुमच्याशी भांडली, मनसोक्त, आणि भांडता भांडता हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसले. मावशीनं तिला भाकरीला हात लावू दिला नाही. जेवून ती ओसरीवरच आडवी झाली. सकाळी ऊन अंगावर आलं तरी उठली नाही. मी दोनदा जाऊन श्वास बघून आलो. नुसती झोपली होती.

आज शनिवार. निघताना जेलसमोर माय उभी होती, तसाच डबा घेऊन. "हे मावशीच्या हातात द्यायचं," म्हणाली. "हातात. कळलं का?" वरच्या कप्प्यात जवसाची चटणी, तिच्या हातानं कुटलेली. गुडघ्यांनी बसवत नाही म्हणून उभ्यानं कुटली म्हणे, ओट्यावर खलबत्ता ठेवून. आता मी फुलंब्रीत, स्टँडसमोर गाडीत बसून मोबाईलवर हे लिहितोय. पाहुणे चहाला उतरलेत, त्यांची पोरं कुत्र्याबरोबर फोटो काढतायत. त्यांना परत यायला अजून वेळ आहे. माझ्याजवळ सकाळची भाकरी होती. म्हटलं, नुसता वास घ्यावा.

चटणी निम्म्यापेक्षा कमी उरलीय, आण्णा. समोर ते फरसाणचं दुकान अजून आहे, आणि उघडं आहे. मी अजून गाडीतून उतरलेलो नाही.