सकुबाईला काय दाखवू?

मुरबाड,
१२ फेब्रुवारी २००१

प्रिय भगीरथ,

मुरबाडहून शहापूर ते काय लांब, तरी ताई पत्र का लिहितेय म्हणून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तू विषय बदलला असतास.

पक्षी बघायला तिवईवरची दुर्बीण घेतेय म्हटल्यावर तू हसलास, पण सल्ला चोख दिलास. जन्मभर मोजणीच्या यंत्राला डोळा लावणारा भाऊ असल्यावर दुकानदाराला कशाला विचारायचं? साठपटीच्या नादी लागू नकोस, दुपारच्या झळांत पक्षी नुसता थरथरतो, वीसपट पुरे, असं म्हणालास. मग ठाण्याच्या एका पक्षिमित्राकडून दोन दुर्बिणी आठवडाभर बघायला आणल्या. एक सरळ नळीची, दुसरी डोळ्यापाशी वाकलेली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन्ही घेऊन आंब्याची वाडी या पाड्यावर गेले. नदीपलीकडच्या वठलेल्या सागावर सर्पगरुड बसतो. बांधावर तिवई उभी करून सरळ नळीला डोळा लावते न लावते, तोच मागे पावलं वाजली. सकुबाई, महिपत आणि वाडीतली दहा-बारा माणसं. चार वर्षं त्यांची पोरं शिकवतेय, त्यांच्या घरची भाकरी खाल्लीय मी. पण त्या दिवशी कुणी बस म्हटलं नाही. महिपतनं कोयता हातातच ठेवला होता. सकुबाईचं माहेर धरणात बुडालं. तिथंही आधी असंच तीन पायांचं यंत्र आलं, मग खुणेचे दगड, मग पाणी. "बाई, खरा सांगा, मोजनी हाय ना? आमी कुठं जायाचा?"

पाखरं बघायला आलेय म्हटलं, तर कुणाला पटेना. सकुबाईनं मला वाघोबाच्या दगडापाशी नेलं आणि त्यावर हात ठेवून बोलायला लावलं. मी बेधडक ठेवला. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी तुला विचारलं होतं, धरणाची कुजबुज खरी का रे? "त्या बाजूला आमचं काही काम नाही, ताई," म्हणालास. तुझ्या शब्दावर मी मोजणी नसल्याची शपथ घेतली.

मग सगळे जरा सैलावले. सरळ नळीला सकुबाईचा डोळा पोचेना, टाचा उंचावून दमली बिचारी. वाकडी लावून तिवई खाली घेतली, तशी नळीवर वाकून तिनं गरुड पाहिला नि हरखली. "बाई गो, डोला कवरा पिवला हाय!" कोणती दुर्बीण घ्यायची ते तिथंच ठरलं.

तिच्यानंतर मी डोळा लावला आणि नळी जराशी डावीकडे सरकवली. उतारावर पांढरी छत्री. तिच्याखाली यंत्र, पुढं लांब पट्टी धरलेला माणूस. आणि वहीत लिहिणारा दुसरा, एका पायावर उभा, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवून. या सवयीवरून आई तुला बगळा म्हणायची. सकुबाईनं विचारलं, "काय दिसला, बाई?" मी म्हटलं, काही नाही. शपथ नकळत खोटी झाली होती. हे मात्र जाणूनबुजून बोलले. तेव्हापासून घास गोड लागत नाही. तुझा राग येतो, त्याहून जास्त माझा.

वरून हुकूम आला की जावं लागतं, हे मला कळतं. नोकरी सोड म्हणत नाही. पण माझ्याशी खोटं का बोललास? वाडीला आत्ता कळलं तर माणसं तालुक्याला जातील, कागद मागतील, हरकती घेतील. दगड रोवल्यावर कळलं तर नुसती रडतील. म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी मी त्याच बांधावर दुर्बीण लावणार आहे. त्याआधी तू वाडीत जा आणि स्वतःच्या तोंडानं सांग. सांगितलंस, तर सकुबाईला मी गरुड दाखवीन. नाही सांगितलंस, तर तुझी छत्री.

रागावलेली, तरी तुझीच,
चंद्रकलाताई