गिट्टीवरची पावलं

लोहारा, १० एप्रिल १९६३
बुधवार

प्रिय जहीर,

हे पत्र किसनसिंग स्वतः तुझ्या हातात देईल. टपालाचा मला भरवसा नाही आणि सोमवारच्या आत हे तुला मिळालंच पाहिजे. सायकलच्या दुकानात असशील तर आधी हात पूस, सावलीत बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच 'सदाशिवभाऊले ऊन लागलं वाटते' म्हणून बाजूला ठेवशील, तर उमरखेडला येऊन कान उपटीन. किसनसिंगला मात्र चहा पाज, बिचारा दिवसभर एसटीत आदळत आला असेल.

तुझं मागचं पत्र मी जपून ठेवलं आहे. अक्षर अजून तसंच, कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. पण त्यातली एक ओळ मी पुन्हापुन्हा वाचतो. 'भाई चुकला, मी चुकणार नाही, आमच्या घराला लोक बेफिकीर म्हणतात ते मला पुसून काढायचं आहे.' असं लिहून तू लाइनीवरचं काम मागितलंस, आणि मीच साहेबांच्या मागे लागून तुला सोमवारपासून इथे लावून घेतलं. वाटलं, तुझ्या भाईसाठी, मन्सूरसाठी, एवढं तरी माझ्या हातून होऊ दे. पाहा, माझ्यासारखा शहाणा मीच!

इथलं काम आता संपत आलं आहे. तुला माहीतच आहे माझा धंदा. कंपनी पाठवील तिथे जायचं, यंत्र ट्रकमधून उतरल्यापासून ते सुरळीत चालेपर्यंत त्याच्या उशाशी बसायचं, आणि काही बिघडलं की सगळ्यांच्या शिव्या खायच्या. दिवाळीपासून लोहाऱ्याच्या या माळावर वीजकेंद्र उभं करतो आहोत. सगळ्या आवारात घोटाभर काळी गिट्टी अंथरली आहे. तिच्यावरून मांजर गेलं तरी करकर वाजतं. दोन वर्षांपूर्वी मन्सूर गेला त्या घाटंजीच्या केंद्रातही अशीच होती. ही गिट्टीची गोष्ट लक्षात ठेव.

आणि रुमालाची रीत तर तू लहानपणापासून ऐकली असशील. मनोऱ्यावर चढणाऱ्यानं आपला रुमाल खालच्या मोठ्या स्विचच्या हँडलला बांधायचा. रुमाल आहे तोवर माणूस वर आहे, वीज सोडायची नाही. उतरल्यावर ज्याचा त्यानंच सोडायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. आमच्यात ही रीत मन्सूरनंच पाडली. त्याचा तो हिरव्या चौकडीचा रुमाल, तुझ्या अम्मांनी कडा शिवलेला. एकदा घाईत रुमाल न बांधता मी दोन पायऱ्या चढलो, तर भर माणसांत माझी गचांडी धरून खाली ओढलं होतं त्यानं. 'तुमची बायको मले विचारीन, तुम्हाले नाही,' म्हणाला. असा माणूस रुमाल बांधायला विसरेल, हे तुला कधी तरी पटलं का रे? तुझ्या अम्मांना पटलं नव्हतं. मयतीच्या दिवशी त्या मला एवढंच म्हणाल्या, 'माहा मन्सूर असा विसरनारा नव्हता, भाऊ.'

तो विसरला नव्हता, जहीर. रुमाल हँडलला होता. मी सोडला.

त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी मन्सूर बाराच्या आत उतरायचाच, हातपाय धुऊन जुम्म्याच्या नमाजाला जायचा. आम्ही त्याच्यावर घड्याळ लावायचो. साडेबाराला साहेब आणि गावातली बडी मंडळी लाइन सुरू होताना पाहायला येणार होती, आणि माझं डोकं सकाळपासून तापलेलं. मी हँडलपाशी उभा होतो. समोरून मन्सूर गेला. लख्ख ऊन, दहा पावलांवरून, हातात लोटा, निंबाकडे निघालेला. मी ओरडलो, 'काहून रे मन्सूर, रुमाल तुहा बाप सोडीन काय?' त्यानं मागे न बघता नुसता हात वर केला. मला वाटलं, नमाजाची घाई आहे, तुम्हीच सोडा म्हणतो. मी रुमाल सोडला, खिशात घातला आणि हँडल ओढलं.

मन्सूर वरच होता. एक बोल्ट निघत नव्हता म्हणून नमाजाची वेळ टळत आली तरी अडून बसला होता. किसनसिंग मनोऱ्याच्या पलीकडे खाली दोर धरून उभा होता. तो अजून शपथेवर सांगतो की भाई सकाळपासून एकदाही उतरला नाही. मग मी पाहिला तो कोण होता? चौकशीत साहेबांनी विचारलं, हँडलला रुमाल होता का? मी म्हटलं, नव्हता. रुमाल माझ्या खिशात होता आणि मी नव्हता म्हटलं. 'मयताची स्वतःची चूक' असं कागदावर आलं, आणि तेच तुमच्या घराला चिकटलं. मी भ्यालो रे. नोकरीला भ्यालो, तुझ्या अम्मांना भ्यालो, स्वतःच्या डोळ्यांना भ्यालो.

त्या दिवशी घरी आल्यावर अंगणात पाय धुताना एक गोष्ट आठवली. तो गिट्टीवरून गेला होता आणि गिट्टी वाजली नव्हती.

आता इथलं ऐक. शुक्रवारी भर दुपारी, बारा वाजले की, माणसं जेवायला बसलेली असतात आणि आवारात कुणी नसतं. तेव्हा गिट्टी वाजते. करकर, करकर, इथल्याही कडेच्या निंबापासून हँडलपर्यंत. मग थांबते. दिसत काहीच नाही. पहिल्यांदा मी कुत्रं समजून दगड भिरकावला होता. किसनसिंगलाही ऐकू येतं. तो हातातली भाकर खाली ठेवतो, 'आले भाई' म्हणतो आणि पुन्हा जेवायला लागतो. त्याला कायचं भ्याव, त्यानं मन्सूरचं काही वाकडं केलेलं नाही. मी मात्र खिशावर हात दाबून बसतो. रुमाल अजून माझ्याजवळच आहे. त्या दिवशी न वाजलेली पावलं तो आता वाजवतो आणि आपला रुमाल मागतो, असं मला वाटतं. दोन वर्षांत मी तो परत केला नाही.

आज सकाळी मी सगळं साहेबांना लिहून दिलं. रुमाल होता, मी सोडला, चौकशीत खोटं बोललो. माझं काय करायचं ते करोत. त्याची नक्कल आणि रुमाल या पत्रासोबत आहे. गाठीची वळी अजून तशीच आहे बघ. तुझ्या अम्मांच्या हातात दे आणि सांग, तुमचं म्हणणं खरं होतं. मग मला काय शिव्याशाप द्यायचे ते देऊ देत.

पण एवढ्यासाठीच असतं तर मी रविवारी स्वतः आलो असतो, किसनसिंगला पळवलं नसतं. एक गोष्ट मी साहेबांना लिहिली नाही, कुणी विश्वास ठेवला नसता. काल मंगळवारी दुपारी मी हँडलपाशी होतो आणि समोरून तू गेलास. निळा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात मन्सूरचा पान्हा. मला रागच आला, पोरगं सोमवारी यायचं ते आजच कसं आलं, आणि भेटलंही नाही! मी हाक मारली. तू मागे न बघता हात वर केलास. मग माझं लक्ष तुझ्या पायांकडे गेलं. गिट्टी वाजत नव्हती. जहीर, मी तुझ्या पाया पडतो, काल तू मला न सांगता इथे येऊन गेला असशील, तर तेवढं दोन ओळींत लिहून किसनसिंगजवळ दे. मी मूर्ख ठरेन आणि जन्मभर आनंदानं ठरेन. पण काल दुपारी तू उमरखेडलाच असशील, तर सोमवारी येऊ नकोस. माझ्या जागी हँडलपाशी उद्या जो कुणी उभा राहील, त्यालाही, तू वर असताना, तू खाली चालताना दिसशील.

तुझाच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझाच,
सदाशिव