डावा डबा बोलत नाही

१८ नोव्हेंबर १९८५, सोमवार. सकाळी.

ही डायरी माझ्या पोराला, खेमराजला, वरठी स्टेशनवर, जिथं तो कामाला आहे, एका पार्सलवाल्यानं फुकट दिली. वर्ष संपत आल्यावर दिली, म्हणजे त्याच्याही कामाची राहिली नव्हती. मी सांगणार, सून शोभा लिहिणार. मला अक्षर येत नाही, म्हणजे मी वाचू शकत नाही. खेमराजला वाचायला वेळ नाही. शोभा तर लिहूनच कंटाळेल. तेव्हा इथं खरं बोलायला हरकत नाही. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. सातवी पास आहे, चालायचंच.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही, सासऱ्याचं शोभा घेत नाही. म्हणून डायरीत 'बुढा' लिहायचं ठरलं. तो दाराशी खाटेवर बसला आहे. ऐकून राहिला असेल तर ऐको.

होळीच्या सुमारास घरातला बुढ्याचा विणायचा माग गेला. मी विकला असं लोक म्हणतात. विकला नाही, विकल्या गेला. बुढा आंधळगावला तेरवीच्या जेवणाला गेला आणि गिऱ्हाईक नेमकं त्याच दिवशी आलं, यात माझा काय दोष. मागाच्या खड्ड्यातून बाहेर यायला त्याला दोन माणसं लागत होती. सुताचे भाव तर बोलूच नये. झालं ते त्याच्या भल्याचंच झालं.

तेव्हापासून बुढा माझ्याशी बोलत नाही. एक शब्द नाही. मला त्याचं काही नाही. नवरा बोलला नाही म्हणून भात कच्चा राहत नाही. फक्त घर सुनं वाटतं, आणि मागाची रिकामी जागा जाता-येता पायात येते.

निश्चय: त्या जागी स्टिरिओ आणायचा. दोन डब्यांचा. शेजारच्या रंभाबाईकडे टू-इन-वन आहे, त्याला एकच तोंड. मागाचे पैसे तांदळाच्या कोठीत तसेच आहेत, वर खेमराजचा बोनस. हजाराच्या आत बसवायचं. बुढ्यासाठी नाही. घरासाठी.

पारख मी करणार. चाळीस वर्षं चुलीपाशी बसून, पाठ फिरवून, मी सांगत आले की मागावर धागा तुटला. नुसत्या धोट्याच्या आवाजावरून. असे कान मोहाडीत दुसरे नाहीत. होळीत डावा कान फार ठणकला होता, ताप पण होता. लसणाचं तेल घातलं, ठणका गेला. विषय संपला.

२० नोव्हेंबर. दुपारी.

बुढ्याला स्टिरिओचं विचारलं. चारदा विचारलं. त्याची खाट माझ्या बसायच्या जागेपासून हातभर, डाव्या अंगाला. तो रिकाम्या खड्ड्याकडे पाहत बसला. विणणाऱ्या माणसाचं असंच. जन्मभर मागाकडे पाहून बोलायची सवय, माणसाकडे पाहतच नाही. जबडा हलत होता. सुपारी चघळत असावा.

शोभा म्हणे, आत्याबाई, मामाजी बोलले की. म्हटलं, काय बोलले? म्हणे, तुझ्या मनाला येईल ते घे, असं बोलले.

मी म्हटलं, सासऱ्याची वकिली कर बाई, चांगली गोष्ट आहे. पण हातभरावरचा माणूस बोलला तर मला ऐकू आलं नसतं काय? ती गप्प बसली. गप्प बसायची साथ आहे या घरात.

संध्याकाळी.

खड्ड्यावर फळ्या टाकून घेतल्या. मग काढल्या. मग परत टाकल्या. डबे फळीच्या या टोकाला ठेवावे की त्या, हे ठरत नाही. डबे अजून आणले नाहीत, हे खेमराजनं सांगायची गरज नव्हती.

२४ नोव्हेंबर, रविवार.

एसटीनं भंडाऱ्याला. खेमराज सोबत. बाबुलालचं दुकान, नाव मोठं. त्यानं मला मधोमध स्टुलावर बसवलं, एक डबा इकडे, एक तिकडे. म्हणे, आजी, आता पहा, एकीकडून पेटी येईल, एकीकडून तबला. कॅसेट लावली.

उजवा बोलला. डावा मुका.

सांगितलं. बाबुलाल म्हणे, दोन्ही चालू आहेत. मी म्हटलं, चालू असेल, बोलत नाही. त्यानं माझा हात धरून डाव्या डब्यावर ठेवला. डबा थरथरत होता. मी म्हटलं, भाऊ, थरथरणं वेगळं आणि बोलणं वेगळं. आमच्याकडे एक नग आहे तसा.

मग वायरी पहाव्या म्हणून मी मागच्या बाजूला गेले आणि तिकडून वाकून ऐकलं. तर काय! मघाशी बोलत होता तो मुका, आणि मुका बोलायला लागला. म्हणजे बाबुलालजवळ कुठं तरी बटण आहे. मी पुढं आले की हा बंद, मागं गेले की तो बंद. मी मुद्दाम तीन फेऱ्या मारल्या. तीनही वेळा पकडला. दुकानातले लोक पाहून राहिले होते. खेमराज बाहेर जाऊन उभा राहिला, पान खात नाही तरी पानठेल्यापाशी.

बाबुलालकडून आता पिन पण घेणार नाही.

२६ नोव्हेंबर.

आज काही केलं नाही. फळ्या झाडल्या. परत झाडल्या. रंभाबाई येऊन विचारून गेली, आला काय स्टिरिओ. मी म्हटलं, ज्याला ज्याला तोंड आहे ते सगळं घरात आणायचं नसतं. तिला लागलं. लागू दे.

बुढा आज सकाळी माझ्याकडे पाहून हसला. काहून हसला ते सांगितलं नाही. नऊ महिने गप्प बसून आता हसतो. हे जास्त वाईट.

शोभा, हे शेवटचं लिहू नको.

१ डिसेंबर, रविवार.

अड्याळ. भैय्याजी म्हणून धानाचे व्यापारी आहेत. पोराला लग्नात स्टिरिओ मिळाला, पोरगा तो ऐकत बसतो, गोदामावर येत नाही, म्हणून विकायचा आहे. खेमराजला स्टेशनवरच कळलं. सेकंड हँड, पण चकाचक. काळे डबे, समोर जाळी.

बसले. ऐकलं. डावा मुका.

आता मला काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. दोष दिसला की भाव करता येतो. मी म्हटलं, अर्धा मुका, अर्धा भाव. भैय्याजीनं शपथ घेतली की दोन्ही बोलतात. बायकोला बोलावलं, तिनं शपथ घेतली. पोराला बोलावलं, तो रडायलाच आला होता. अंगणात गल्ली जमली, गल्ली म्हणे दोन्ही बोलतात. अख्ख्या गल्लीला खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी उठलेच नाही. शेवटची बस यायची वेळ झाली, भैय्याजीचं जेवण राहिलं होतं. अर्धा नाही, पण अर्ध्याच्या थोडा वर दिला. हजारात आरामात बसलं. मागाचे थोडे उरले पण.

येताना उजवा डबा खेमराजनं घेतला. मुका मी मांडीवर घेतला. मुक्याला सांभाळावं लागतं. कंडक्टरनं दोन्ही डब्यांचंही तिकीट फाडलं.

निश्चय: मुका डबा इथल्या धनीराम मेकॅनिककडून दुरुस्त. मग फळीवर दोन्ही. मग घर भरेल. मग बुढा काय करतो ते पाहू. म्हणजे मला पाहायचं नाही, सहज.

२ डिसेंबर. सकाळी.

बुढ्यानं स्टिरिओ पाहिला. फळीजवळ आला, जाळीवर बोट फिरवलं, जसं कापडाचा पोत पाहतो तसं. माझ्याजवळ खाटेवर येऊन बसला. जबडा हलला. बराच हलला. मग माझ्याकडे पाहिलं, थांबला, आणि उठून बाहेर गेला.

शोभा काही सांगायला आली. मी म्हटलं, आधी कणीक मळ.

४ डिसेंबर, बुधवार.

आज सगळं लिहायचं नाही म्हटलं होतं. पण शोभा म्हणते, आत्याबाई, आजचंच तर लिहायचं आहे.

धनीराम सकाळीच आला. खेमराजची दुपारची ड्यूटी, म्हणून तोही घरी. मी फळीसमोर बसले, कॅसेट लावली, डावा मुका. धनीरामनं डबा उघडला, चोळला, बंद केला. मुका. मग त्यानं डब्यांची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. आता अड्याळवरून बोलत आलेला मुका झाला, आणि ज्याला मांडीवर घेऊन आणलं तो घसा फोडून गात होता. मी धनीरामला म्हटलं, तुझा हात लागला की चांगलं बिघडतं. तो डोकं खाजवत बसला. मग पिशवीतून एक वस्तू काढली, डोक्यावरून घालायची, दोन कानांवर दोन वाट्या. हेडफोन म्हणे. घातला. उजवी वाटी गाते, डावी नाही. त्यानं काढला, उलटा करून घातला.

उजवी गाते. डावी नाही.

धनीरामनं खेमराजकडे पाहिलं. खेमराजनं शोभाकडे. शोभानं खाली. मी म्हटलं, हेडफोन पण खराब आहे.

तेव्हा बुढा खाटेवरून उठला. गुडघ्यांवर हात देत, फळीला धरत, सगळ्या खोलीला फेरा घालून माझ्या उजव्या बाजूला आला. हेडफोन काढून घेतला. आणि बोलला.

"मी होळीपासून बोलूनच राहिलो वो. तू कोण्या गावाले होती?"

मी म्हटलं, मग जोरानं बोलायचं.

तो म्हणे, माग होता तवा ओरडत होतो. आता घर शांत आहे, कायले ओरडू. तू जबाब देत नव्हती, मले वाटलं राग आहे तुझा.

त्याला वाटलं माझा राग आहे. माझा!

धनीरामनं पैसे घेतले नाहीत. जाताना मला नमस्कार केला, देवळात करतात तसा. गरज नव्हती.

६ डिसेंबर.

भंडाऱ्याचा डॉक्टर म्हणे, आजी, डावा कान गेला, येणार नाही. डॉक्टर पोरगा आहे, अजून मिशीसुद्धा नीट आली नाही. मी खेमराजला बाहेर आल्यावर म्हटलं, एका कानानं मी अड्याळचा सौदा केला, दोन असते तर भैय्याजीचं गोदाम आणलं असतं. खेमराज हसला नाही. त्यानं माझा हात धरून रस्ता ओलांडवला, डाव्या बाजूनं. पहिल्यांदाच धरला.

निश्चय: दोन्ही डबे उजवीकडे, एकावर एक. खाटही उजवीकडे. बाकी काही बदललं नाही.

९ डिसेंबर.

बुढा बोलून राहिला आहे. चहा कडक झाला. नळाला पाणी उशिरा येतं. शोभाच्या भाजीत तिखट कमी. आंधळगावच्या तेरवीत वरण पातळ होतं, हे त्यानं होळीतच सांगितलं होतं म्हणे. मार्चमध्ये त्याचा दात दुखला. जूनमध्ये त्याला साप दिसला. जुलैत रात्री छप्पर गळत होतं, त्यानं मला उठवलं, मी उठले नाही. नऊ महिन्यांचं साठलेलं सगळं क्रमानं येऊन राहिलं आहे. स्टिरिओ लावला की तो बंद करतो. म्हणे, त्याच्या आवाजात मला बोलता येत नाही.

मागाचं मात्र काढलं नाही. सगळं काढलं, ते नाही. सापाचं दोनदा झालं.

दिवसभर वाट पाहिली. म्हणजे वाट नाही, काम करता करता.

१२ डिसेंबर.

आज पण नाही. ओसरीत, अंगणात, विहिरीवर, मीच त्याच्यामागं फिरले. रंभाबाई म्हणाली, म्हातारपणी प्रेम आलं काय. मी म्हटलं, तुझ्या टू-इन-वनमध्ये बॅटरी घाल.

त्याला नसेल काही वाटलं. वाटलं असतं तर बोलला असता. किंवा बोलला होता, होळीतच, पहिल्याच दिवशी, आणि ते गेलं. शोभाला विचारता येईल. शोभा तेव्हा घरातच होती. नाही विचारलं.

१५ डिसेंबर, रविवार. दुपारी.

विचारलं.

जेवण झालं होतं. खेमराज झोपला होता. बुढा उजवीकडच्या खाटेवर बसणार, तेवढ्यात मी म्हटलं, तिकडे ऊन येतं, इकडे बसा. ऊन येत नाही तिकडे. तो डावीकडे येऊन बसला, जुन्या जागी. मी कांदे निवडत होते, मान वर केली नाही. म्हटलं, "माग गेला त्याचं तुमाले लय वाईट वाटलं काय?"

मग मी कांद्यांकडेच पाहत राहिले.

तो बोलला. खाट हलत होती, म्हणून कळलं बोलून राहिला आहे. पुष्कळ वेळ हलली. मध्ये थांबली, मग परत हलली. 'नाही' म्हणायला इतका वेळ लागत नाही, पण हा माणूस वरणाचंसुद्धा अर्धा तास सांगतो. शेवटी त्यानं माझ्या पुढचे कांदे आपल्या पुढं ओढले आणि निवडायला लागला.

शोभा चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू आलं आहे. आता लिहिताना तिनं पेन थांबवलं आणि विचारलं, आत्याबाई, मामाजी काय म्हणाले ते लिहू काय.

मी म्हटलं, नको. तुला ऐकू आलं तेवढं पुरे आहे. मी सांगते ते लिही.

नाही म्हणाला.