आधी बोलेल तो उरेल

४ मार्च

नोकरी लागली एकदाची! आज पहिला दिवस झाला आणि मी चक्क हसत घरी आले. वकिलाच्या ऑफिसात करार तपासून तपासून डोळे गेले, आणि वर मी फार कीस पाडते म्हणून त्यांनी मलाच काढलं. इथे मला कीस पाडायलाच ठेवलंय.

ही मंडळी खेळांची पुस्तकं छापतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, कोणी योद्धा होतो, कोणी चोर, फासे टाकत सगळे मिळून एक गोष्ट खेळतात. कोणाला काय जमेल, कोण मरेल, हे पुस्तकातले नियम ठरवतात. नियम अडला की खेळाडू ऑफिसला ईमेल करून विचारतात आणि उत्तर मी द्यायचं. मग सगळी उत्तरं एका पत्रकात छापून खेळाडूंना जातात. मोठी माणसं असल्या गोष्टींवरून हमरीतुमरीवर येतात, हे वाचून माझी करमणूक झाली.

ऑफिस कुलुपांच्या दुकानाच्या वर आहे. हॉलमध्ये आम्ही सगळे, एका कोपऱ्यात मालकांची केबिन, आणि मागच्या खोलीत चित्रकार आणि पानांची मांडणी करणारे गृहस्थ. त्यांना सगळे फूटपट्टी म्हणतात. माणूस उंच, सरळ, आणि कुणापुढे न वाकणारा.

घरी येऊन ताईला सांगायला लागले, तर माझं वाक्य तिनेच पुरं केलं. मी तिच्याकडेच राहते, दोन खोल्यांत आम्ही दोघीच. आई गेल्यापासून माझ्या वतीने तीच बोलते: डॉक्टरशी, घरमालकाशी, मला बघायला आलेल्या मुलाशीसुद्धा. राग येतो. पण आज तिने स्वतःची चांगली पर्स माझ्यापुढे टाकली, ऑफिसला ही ने म्हणाली, आणि मी माझं सामान तिच्यात भरलं.

९ मार्च

मालकांचा खाक्या कळला. पुस्तकात चूक नसते, वाचणाऱ्याची अक्कल कमी पडते.

नव्या पुस्तकात एक शापित तळघर आहे. तिथे दोघंच जण असले तर त्यांतला एकच उरतो, असा नियम. हे फक्त तळघरापुरतं, अशी पुढे एक ओळ होती. मजकूर पानात बसेना म्हणून फूटपट्टींनी ती उडवली, आणि आता तो नियम सगळ्याच खोल्यांना लागू झालाय. खेळाडू नुसते उखडलेत. राजाला प्रधानाशी खासगीत बोलता येत नाही, नवरा-बायकोची पात्रं एका घरात राहू शकत नाहीत.

मी मालकांना म्हटलं, चूक कबूल करू, एका ओळीचं तर काम आहे. त्यांनी मला अशा नजरेने पाहिलं, जसं काही मी त्यांच्या घरातलं भांडं उचलून नेत होते. छापलंय तेच खरं, म्हणाले. दिलेलं उत्तर मागे घेतलं जात नाही, हे वाक्य प्रत्येक पत्रकाच्या तळाशी असतं, ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं.

ठीक आहे. हेकाच धरायचा तर मलाही धरता येतो. दोघांतला उरतो कोण, हे पुस्तकात नव्हतंच. मी लिहिलं: जो आधी बोलेल तो.

१२ मार्च

ह्या नियमावर प्रश्नांचा पाऊस पडलाय. सगळ्यांना पळवाट हवी, आणि मी एकेक बुजवतेय.

दार उघडं ठेवलं तर? खोलीला दार आहे, एवढं पुरे. दोघंही गप्प बसले तर? दिवस मावळताच दोघंही जातील. तोंडाने न बोलता कागदावर लिहिलं तर? लिहिणं हेही बोलणंच, मग ते वाचायला कोणी असो वा नसो. हे शेवटचं उत्तर लिहून मी स्वतःवरच खूश झाले. जन्मभर माझं कोणी ऐकलं नाही. आता शेकडो माणसं माझ्या एका वाक्याने अडतात.

ताई आज कामासाठी परगावी गेली. आठवडाभराने येईल. पत्रक उद्या निघेल.

१४ मार्च

चित्रकार जेवणानंतर जागेवर नव्हता. चष्मा टेबलावर, कुंचला ओला, चपला टेबलाखाली. फूटपट्टी म्हणाले, मी त्याला खिडकी लावायला सांगितलं, वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. सगळे म्हणाले, लहरी माणूस, गेला असेल उठून.

अनवाणी?

१६ मार्च

खालच्या कुलूपवाल्याची बायको नाहीशी झाली. तो दुकानाच्या पायरीवर बसून होता. मागच्या खोलीत तिच्याकडे पक्कड मागितली, एवढंच, म्हणत होता. आधी कोण बोललं, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. मीच, म्हणाला. तिला मी कधी बोलू दिलं?

घरी येऊन मी १३ तारखेचं पत्रक काढून पुन्हा वाचलं.

१७ मार्च

मालकांकडे गेले. पत्रक रद्द करा म्हणून सांगणार होते. उंबऱ्यावरूनच बोलायचं ठरवलं होतं. ते फोनवर कोणाचं तरी ऐकत होते, त्यांनी हातानेच आत बोलावलं. मी गेले. का गेले? माझाच पुरता विश्वास बसला नव्हता, खोटं कशाला बोलू.

सर, म्हटलं. फक्त सर.

खुर्ची अजून फिरत होती. फोन टेबलावरून लोंबत होता आणि पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता.

मी केलं हे. मी.

१८ मार्च

माझ्या नावाने पत्रक काढून खेळाडूंना ईमेलने धाडलं. नियम चुकीचा, ओळ गळली होती, उत्तरं रद्द, माफ करा.

खेळाडूंची उत्तरं आली. सगळ्यांचं एकच म्हणणं: दिलेलं उत्तर मागे घेतलं जात नाही, तुमच्याच पत्रकाच्या तळाशी आहे. एकाने तर माझं अभिनंदन केलंय. इतका पक्का नियम त्याने आजवर पाहिला नव्हता म्हणे. मेल्यांनो, माणसं जातायत!

फूटपट्टी आता जिन्यात बसून काम करतात. जिन्याला दार नाही. माझ्याकडे बघत नाहीत. ओळ उडवली त्यांनी, पण बाकी सगळं माझं, हे त्यांनाही ठाऊक आहे.

१९ मार्च

ताई उद्या संध्याकाळच्या गाडीने येतेय.

फोन केला. घरी येऊ नकोस, बाहेर मैदानात भेटू, म्हटलं. सगळं सांगायला लागले. तिने मधेच तोडलं. कामाचा ताण झालाय, झोप काढ, मी आले की डॉक्टरकडे नेते. मी ओरडले. ती घाबरली आणि तिने फोन ठेवला. परत लावला तर उचलत नाही.

तिला थांबवता येणार नाही. मग मीच जाते.

२० मार्च, दुपार

पिशवी भरली. ती यायच्या आत निघते.

ताई, ही वही टेबलावर ठेवतेय. सुरुवातीपासून वाच, मधे तोडू नकोस. घरात एकटीच राहा. एकटीला काही होत नाही. कोणालाही आत घेऊ नकोस, शेजारणीलाही नाही. मला शोधू नकोस.

तू मला कधी बोलू दिलं नाहीस. राग होता, आहे. तरी तू राहायला हवीस. माझ्यासाठी तू लग्न केलं नाहीस, हे तू कधी बोलली नाहीस, मीही नाही. एवढं एकच आपण दोघींनी

जिन्यात पावलं. शेजारीण असेल.

अजून थोडंच. स्वयंपाकघराची किल्ली मी

दाराचं कुलूप उघडतंय—

संध्याकाळची गाडी होती ना? लवकर आली— माझ्या फोनमुळे— माझ्यासाठी धावत—

दार. ताई दारात. दम लागलाय तिला. तोंड उघडतेय. बोल, ताई, पटकन बोल, मी गप्प आहे, मी एक शब्द—

मी लिहितेय.

ती आत आली तेव्हापासून मी लिहितेच आहे, म्हणजे तिच्या आधी मी—

ताई