मागल्या खोलीतल्या फासळ्या

चि. ब्रोन्यास,

बफेलोहून तुझ्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. बोल माझे, अक्षर माझ्या लेकीचं, हालिनाचं. चुका सापडल्या तर तिच्या. गुडघे कसे आहेत? अजून मुलाच्या बैठकीतल्या सोफ्यावरच झोपतेस ना? (पत्र तुला सूनबाई वाचून दाखवणार, तेव्हा सोफा झकास आहे असं धरून चालते.)

इकडे तळघरातला बॉयलर फुटला. नवा आणायचा तर घरातल्या खोल्या तापवणारे वाफेचे रेडिएटर मिळून किती उष्णता देतात ते आधी काढावं लागतं, असं जावईबापू झेनॉन म्हणाले. मी म्हटलं, त्यात काढायचं काय? स्वयंपाकघरातल्यावर पीठ ठेवते, जपमाळ संपेस्तोवर फुगतं, तेवढी देतो. पण त्यांना आकडा हवा. म्हणजे उंची मोजायची, रेडिएटरच्या एकेका उभ्या लोखंडी फासळीत नळ्या किती ते बघायचं, फासळ्या मोजायच्या आणि तक्त्यात पाहून गुणायचं. (हालिना, नवऱ्याबद्दल आहे म्हणून गाळू नकोस.) माणूस हुशार, गणित चोख, पण आमच्याकडे रेडिएटर उघडा सापडायला हवा ना. एकावर लेसचा रुमाल आणि देवमाता, दुसऱ्यावर अळंब्यांच्या माळा, तिसऱ्यावर विरजलेलं दूध. मागून हात घालून मोजताना बाही दुधात बुडाली, आकडा विसरले, पुन्हा पहिल्यापासून. वर मलाच विचारतात, "आई, ही रुपेरी रंगाची पुटं कुणी चढवली? यानं उष्णता कमी होते." म्हटलं, "मीच, दर ईस्टरला. म्हणून तर जिवंत आहोत, नाहीतर भाजून निघालो असतो."

खरी जुंपली ती मागल्या खोलीत. तिथला रेडिएटर मी कायम बंद ठेवते, कारण तिथे आंबवलेल्या कोबीचं पिंप असतं. झेनॉन म्हणाले, "हा सोडून देतो. लहान बॉयलर चालेल, कोळसाही वाचेल."

"मोजा," मी म्हटलं.

"आई, कोबीला वाफ कशाला?"

"बेरजेत नसलेला रेडिएटर पुढे उघडला तर वाफ पुरत नाही, असं सकाळी कोण सांगत होतं? मोजा."

आणि मी पिंपावर बसून राहिले. माझ्या पायांमागे हात घालून त्यांनी मोजलं बिचाऱ्यांनी. बॉयलर मोठा आला. आता चर्चमध्ये सगळ्यांना सांगत फिरतात, सासूबाईंनी कोबीसाठी बॉयलर घेतला म्हणून. सांगू देत.

बाकी सर्व ठीक. थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी गेनोवेफा
(खालची फुली माझ्या हातची.)

ता. क. पिंप मागच्या पायऱ्यांखाली हलवलं. त्या खोलीतला रेडिएटर उघडला, तर खिडकी उघडावी लागली इतकी ऊब. पलंगही टाकला आहे. (हालिना लिहायची थांबलीय, तिला आत्ताच कळलं.) तुझे फ्लोरियान गेल्यापासून तू कुणाकडे काही मागत नाहीस, म्हणून मीही ये म्हणत नाही. पण त्या फासळ्या तुझ्या नावानं मोजून घेतल्यात, आणि रिकाम्या खोलीत वाफ दवडायची मला सवय नाही. उशी तुझी आण.

पुन्हा ता. क. सूनबाई, वरचं गाळू नकोस. सोफा तुला परत मिळेल.